शब्दवेध : दर्गा

कबनूरच्या जंदीसाहेब-ब्रॉनसाहेबांच्या उरुसाला जाणारा भाविक ज्या वास्तूला ‘दर्गा’ म्हणून हात जोडतो, तिचे नाव मूळचे राजसत्तेचे आहे; फारसीत ‘दर’ म्हणजे दार, ‘गाह’ म्हणजे स्थान, आणि ‘दरगाह’ म्हणजे प्रथमतः बादशहाचा उंबरठा, त्याचा दरबार. संतांच्या समाधीस हा राजशब्द शोभला, यामागे मोठा इतिहास आहे. गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांनी सुलतान फिरोजशहा बहमनीच्या इच्छेविरुद्ध त्याचा भाऊ अहमदशहा यास आशीर्वाद दिला, १४२२ साली तोच तख्तनशीन झाला, आणि त्याने गेसूदराजांच्या घराण्यास गावे इनाम दिली. पुढे संताच्या मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या आसनावर, वारस म्हणून बसणारा सज्जादानशीन सनदा बाळगणारा इनामदारही झाला. राजसत्ता आणि दर्गा यांचे हे नाते पुढेही दिसते : दक्षिण जिंकू पाहणाऱ्या औरंगजेबाची कबरदेखील खुलदाबादेत, संत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारातच आहे.