पिंजऱ्यांतील विष

विष म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सोमल किंवा बचनाग उभा राहतो. परंतु सेवन करणाराच्या केसालाहि धक्का न लावतां त्याच्या संततीच्या मुळाशींच घाव घालणारीं द्रव्येंहि असतात, हें मनुष्याला फार उशिरां उमगलें. अमेरिकेंतील चार्ल्स स्टॉकार्ड ह्यांनीं १९०७ सालीं मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यांत माशांचीं अंडीं वाढविलीं, तों मध्यभागीं एकच डोळा असलेलीं पिलें निपजलीं. थॅलिडोमाइडची १९६१ मधील शोककथा बहुतेकांस ठाऊक आहे. ती येथें आळवीत नाहीं.

मला सांगावयाची आहे ती हकीगत गर्भाच्याहि आधींची, खुद्द स्त्रीबीजाची. मुलगी मातेच्या उदरांत असतांनाच तिच्या बीजांचें विभाजन सुरू होतें, मध्येंच थबकतें, आणि वयांत आल्यावर बीज पक्व होतांना पुन्हां चालू होतें. त्या वेळीं रंगसूत्रें मधोमध रांगेंत उभीं राहावीं लागतात. रांग मोडली तर कमीअधिक रंगसूत्रांचें बीज तयार होतें, व त्याचा शेवट बहुधा गर्भपातांत होतो.

ओहायोंतील क्लीव्हलंड येथें पॅट्रिशिया हंट ह्या विदुषी उंदरांच्या बीजांवर हेंच पाहत होत्या. १९९८ च्या ऑगस्टमध्यें एकाएकीं विपरीत घडलें. ज्या निरोगी माद्या केवळ तुलनेसाठीं ठेवल्या होत्या, त्यांच्याच बीजांतील बिघाड शेंकडा एक-दोनांवरून चाळीसांवर गेला! चुकलेलें गणित पुसून टाकावें, ही आम्हां मास्तरांची शिकवण. ह्या बाई मात्र चुकीचाच माग काढीत बसल्या. अखेर उलगडा झाला तो असा: एका हंगामी नोकरानें पॉलिकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या फरशी धुण्याच्या तीव्र क्षारयुक्त द्रावणानें धुतल्या होत्या. प्लास्टिक झिजून त्यांतून बिस्फेनॉल ए पाझरत होतें. पुढें तेंच द्रव्य मुद्दाम अत्यल्प मात्रेंत देऊन पाहिलें, तेव्हांहि बीजें तशींच बिघडलीं. हा निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्यांतील खरी चुटपुट अशी कीं, हें द्रव्य स्त्रीसंप्रेरकाप्रमाणें वागतें हें इंग्लंडांतील डॉड्स ह्यांनीं १९३६ सालींच दाखविलें होतें. औषध म्हणून तें मागें पडलें, आणि १९५० नंतर त्याचेंच प्लास्टिक होऊन घरोघर, अगदीं तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांपर्यंत, पोहोंचलें. २००७ सालीं हंट ह्यांच्या मंडळींनीं गाभण माद्यांना तें दिलें, तों उदरांतील मादी-गर्भांचीं बीजें बिघडलेलीं आढळलीं. म्हणजे आजीनें घेतलेली मात्रा नातवंडांना बाधली.

माणसाला किती मात्रा बाधते ह्यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाहीं. तथापि तान्ह्यांच्या बाटल्यांतून युरोपनें २०११ सालीं व अमेरिकेनें २०१२ सालीं तें हद्दपार केलें. त्यानंतर हंट ह्यांच्या नव्या प्रयोगशाळेंतहि तसाच बिघाड पुन्हां दिसूं लागला, असें २०१८ च्या त्यांच्या निबंधांत नमूद आहे. ह्या वेळीं पिंजरे निराळ्या प्लास्टिकचे होते. त्यांतून पाझरत होतें तें मुख्यतः बिस्फेनॉल एस, पहिल्याच्या जागीं बदली म्हणून बाजारांत रुळलेलें.