पवनीचा ऐतिहासिक वारसा आणि शाश्वत पर्यटन : एक अभ्यास

प्रस्तावना : शाश्वत पर्यटनाची चर्चा बहुधा रस्ते व निवास यांपाशीच थांबते. प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील पवनी नगराच्या इतिहासाधारे या विषयाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वैनगंगाकाठी वसलेल्या या नगरास तटबंदी व खंदक आहेत. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर भव्य बौद्ध स्तूपाचे अवशेष आढळले. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील ब्राह्मी लेखांत सामान्य उपासक-उपासिकांच्या दानांची नोंद आहे. हे स्थळ केवळ राजाश्रयावर नव्हे, तर अनेकांच्या लहान-लहान दानांवर उभे राहिले, हे त्यावरून स्पष्ट होते.

वर्तमान संदर्भ : नजीकच्या रुयाड येथील धम्म महोत्सवास मोठा जनसमुदाय येतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यही पर्यटकांना आकर्षित करते. परंतु एका दिवसाच्या गर्दीतून नगरास वर्षभराची उपजीविका लाभत नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणामुळे परिसरातील अनेक गावे विस्थापित झाली. विकासाचा भार स्थानिकांवर आणि लाभ इतरांना, ही विषमता पर्यटनात पुन्हा घडू नये.

निष्कर्ष : तटबंदीलगतच्या रहिवाशांना विश्वासात घेऊन संवर्धन, स्थानिक युवकांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण आणि कोष्टी विणकरांच्या वस्त्रांना बाजारपेठ ही त्रिसूत्री आवश्यक आहे. प्राचीन दात्यांप्रमाणे आजचा नागरिकही वाटेकरी झाला, तरच पवनीचे पर्यटन टिकेल.