स्कॅनरचं घराणं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत माळा उपसला, की मोडी कागदांचं बोचकं निघतं आणि कपाट उघडलं, की एलपी रेकॉर्डी. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. अशा गावात गाण्याचे कागद साठणारच. मग घरातलं कुणीतरी स्कॅनर आणतं, रेकॉर्डचं कव्हर काचेवर पालथं घालतं, आणि पडद्यावर बघतं तर गवयाच्या शालीवर भलतीच लहरती जाळी! यंत्राला नावं ठेवण्याआधी त्याचं घराणं बघावं. खोड तिथूनच आलेली असते.

मूळपुरुष अलेक्झांडर बेन, स्कॉटलंडचा घड्याळजी. तारेवरून अक्षरांची नक्कल पाठवण्याच्या त्याच्या यंत्राचं पेटंट १८४३ चं. दोन लंबक एका तालात झुलायचे. इकडचा उठावाच्या धातूच्या अक्षरांवरून फिरायचा, तिकडचा रसायनात भिजवलेल्या कागदावर रेघ ओढायचा. १८६५ मध्ये काझेल्ली नावाच्या संशोधकाच्या अशाच यंत्राने पॅरिस ते लियाँ अशी रीतसर सेवाच चालू झाली. चित्र सबंध बघायचंच नाही, एकेक रेघ वाचत जायचं, हा या घराण्याचा कायदा. तुमच्या काचेखालून सरकणारी उजेडाची पट्टी तोच पाळते. म्हणून स्कॅन चालू असताना कागदाला धक्का लागू देऊ नये. आधी वाचलेल्या रेघा पुन्हा वाचल्या जात नाहीत.

संगणकाशी सोयरीक जुळली १९५७ मध्ये. अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा पाच सेंटिमीटरचा फोटो फिरत्या नळकांड्यावर गुंडाळून संगणकात उतरवला: १७६ गुणिले १७६ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. करड्या छटांसाठी त्यांना तोच फोटो वेगवेगळ्या मर्यादा लावून पुनःपुन्हा वाचावा लागला. आजच्या स्कॅनरमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय त्याच वळणाचा. मोडीच्या कागदाला तो लावूच नये. बोरूची बारीक रेघ, उडालेली शाई, पिवळा पडलेला कागद हे सगळं मधल्या छटांमध्येच असतं. रंगीतच स्कॅन करावं, किमान ३०० डीपीआयवर. अक्षर बारीक असेल तर ४०० वर. कागद पाठपोट लिहिलेला असेल तर मागे काळा कागद ठेवावा, म्हणजे पलीकडची अक्षरं अलीकडे डोकावत नाहीत. आणि घडीवर तुटायला आलेला कागद झाकणाखाली दाबण्यापेक्षा वरून फोटो काढलेला बरा.

पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी, म्हणजे उजेड टिपणारा संवेदक, जन्मला. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी अंधांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र आणलं, त्यात सीसीडीचा सपाट काचेचा स्कॅनर होता. घरोघरी पोचलेल्या यंत्राच्या वंशात ही एक सत्कृत्याची पिढी आहे, हे मला फार आवडतं. आजचे यूएसबीवरच चालणारे चपटे स्कॅनर मात्र बहुधा सीआयएस या दुसऱ्या जातीच्या संवेदकाचे. कागद काचेला टेकलेला असेल तोवर ते उत्तम. जरा उचलला गेला की अक्षर धूसर. सीसीडी त्या मानाने सोशिक.

एलपीच्या कव्हराला हा फरक नडतो. कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं, काच ए-फोरची. काचेच्या कडेची चौकट त्याला उचलून धरते. शक्य असेल तर झाकण काढावं, कव्हरावर काळा कागद आणि वर जाड पुस्तक ठेवावं. चार तुकड्यांत स्कॅन करावं, प्रत्येकात शेजारच्याचा थोडा भाग येऊ द्यावा. कव्हर सरकवावं, फिरवू नये: स्कॅनरचा उजेड एका अंगाने पडतो, कव्हर फिरवलं की सुरकुतीची सावली उलट्या बाजूला जाते आणि सांधा उघडा पडतो. रंग आणि उजेड आपोआप सुधारणारी सोय बंद, नाहीतर चार तुकड्यांचे चार रंग.

आता ती जाळी. तिचं मूळ दुसऱ्या घराण्यात आहे. रेकॉर्डी पूर्वी साध्या पाकिटात किंवा कोऱ्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये यायच्या. १९३९ मध्ये कोलंबिया कंपनीत रुजू झालेल्या अॅलेक्स स्टाइनवाइसने त्यांच्यावर चित्रं आणली. ती चित्रं आणि फोटो छापले जात हाफटोनने, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी. १८८२ मध्ये म्युनिकच्या माइझेनबाखने पेटंट घेतलेली ही विद्या आपल्याकडे कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी इतकी पुढे नेली, की लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात त्यांचे लेख छापले जात. स्कॅनरही ठिपक्यांनीच वाचतो. छपाईचे ठिपके आणि वाचणारे ठिपके एकमेकांत अडकले की जाळी उमटते. उपाय एवढाच: ६०० डीपीआयवर स्कॅन करावं, म्हणजे छपाईचा एकेक ठिपका सुटा वाचला जातो, मग किंचित धूसर करून आकार निम्म्यावर आणावा. ‘डीस्क्रीन’चं बटण हेच करतं, पण त्याचा हात जड असतो. मूळ फाइल टिफमध्ये जपावी. रंगीत कव्हराची एक बाजू १६० एमबीच्या वर जाते, जाऊ द्या.

आणि पाठची बाजू विसरू नका. मी तर आधी तीच घेईन. गवयाचा फोटो दुसरीकडेही सापडेल, पण तबल्याला कोण, पेटीला कोण, तंबोऱ्यावर कोण, हे बहुतेक वेळा फक्त तिथेच, बारीक टाइपात छापलेलं असतं.