मावळचा भात कुणाच्या ताटात?

परवा बऱ्याच वर्षांनी घोरावाडीला जाणं झालं. पुण्याहून लोणावळा लोकलने निघालो आणि तळेगावच्या आधीच्या स्टेशनवर उतरलो. घोराडेश्वराचा डोंगर समोरच होता, पण गुडघे आता पायऱ्यांना तयार होत नाहीत. मग खालूनच हात जोडले आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमधल्या खानावळीत शिरलो. बाहेर पाटी होती, ‘अस्सल मावळी जेवण’.

चार टेबलं, चुलीपाशी एक पन्नाशीच्या ताई आणि वाढायला त्यांचा मुलगा. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि शेवटी वाफाळता गुरगुट्या भात, वर आमटी. भाताचा वास नाकात गेला मात्र, मी थेट लहानपणात पोचलो. म्हणालो, "वा ताई! कितीतरी वर्षांनी आंबेमोहर खाल्ला."

ताई हसल्या. "आंबेमोहर कुठला बाबा, इंद्रायणी हाय ही. आमच्याच खाचरातली."

जन्मभर मुलांना इतिहास शिकवला आणि ताटातला भात ओळखता आला नाही! इंद्रायणी हा तांदूळ काही जुना नव्हे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून तो १९८७ साली बाहेर आला. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. त्याचा एक जनक आपला आंबेमोहर १५७ आणि दुसरा आय.आर. ८. हा आय.आर. ८ फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिला. त्याचेही पूर्वज वेगळेच, एक इंडोनेशियाचा आणि दुसरा तैवानचा बुटका वाण. आंबेमोहराला वास होता, पण तो उंच वाढायचा, वाऱ्यापावसात लोळायचा आणि उतारा कमी. परक्या भाताकडून उतारा घेतला आणि घरच्याकडून वास. ठेच्यातली मिरची तरी कुठे आपली? तीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. म्हणजे ‘अस्सल मावळी’ ताटात अर्धं जग बसलेलं होतं.

हे सगळं मी ताईंना मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "आमची आजी सांगायची, आंबेमोहर लावला आम्ही, पण खाल्ला न्हाई. खंड घालायचा, उरला तर बाजारात न्यायचा. घरात नाचणी न् वरी. सणाला काय तो भात."

माझा घास हातातच राहिला.

कारण खंड हा शब्द मी दुसऱ्या बाजूने ऐकलेला आहे. पवन मावळात आमच्या आजोबांची थोडी भातखाचरं होती, कुळाकडे दिलेली. दिवाळीनंतर बैलगाडी दाराशी यायची. पोती उतरली की माजघरात आंबेमोहराचा घमघमाट सुटायचा. पोती आणणाऱ्याला ओसरीवर चहा मिळे. त्याच्या घरी काय शिजतं, हे आमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन, मलाही ते सुचलं नाही. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. आमच्या घरी कित्येक वर्षं त्याचा उल्लेख ‘जमीन गेली’ असाच होई. ती कुणाकडे तरी ‘आली’, हा विचार मी मोठा झाल्यावर केला, आणि तोही वर्गात धडा शिकवताना. घरात बोलून दाखवायचं धाडस झालं नाही. आजोबा गेले, वडीलही गेले. आता बोलून उपयोग काय?

जेवण झाल्यावर बाहेर बाकावर बसून डोंगराकडे बघत राहिलो. वरची लेणी मुळात बौद्ध. तिथे एक ब्राह्मी शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याची बायको सिआगुतनिका हिने मुलासह लेणं दान दिल्याचं त्यात कोरलेलं आहे. मी तो विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला होता, धेनुकाकट आणि दानधर्म एवढ्यापुरता. ती शेतकऱ्याची बायको होती आणि दान देण्याइतकं तिच्या घरात उरत होतं, याकडे माझं लक्ष त्या दिवशी गेलं.

आंबेमोहर चवीला सरस होता, हे मी आजही म्हणेन. पण मला जी ‘जुनी चव’ आठवत होती, ती आमच्या माजघराची होती, मावळची नव्हे. मावळातल्या पिकवणाऱ्या घरात रोज भात शिजू लागला तो अलीकडे, आणि त्यात या मिश्र रक्ताच्या इंद्रायणीचाही हात आहे.

निघताना पैसे देत होतो, तर ताईंनी कागदात बांधून दोन मुठी तांदूळ हातावर ठेवले. "घरी न्या, सूनबाईला दाखवा." त्याचे पैसे घेतले नाहीत. आमच्या ओसरीवरचा तो चहाचा कप आठवला आणि मान वर करवेना.

असो. तुमच्याही घरी कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर एकदा विचारून बघा, तुम्ही काय पिकवत होतात आणि काय खात होतात? दोन्ही उत्तरं एकच आली, तर तुमचं घर भाग्यवान.