२९ नोव्हेंबर १९४४ : हाताची धमनी फुप्फुसाला

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हृदयदोषामुळे निळ्या पडलेल्या १५ महिन्यांच्या मुलीची हाताला रक्त नेणारी डावी सबक्लेवियन धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची.

मुलगी पुढे काही महिनेच जगली, पण ‘असाध्य’ निळ्या बाळांसाठी वाट खुली झाली. हाताचे रक्त फुप्फुसाकडे वळवले तरी आजूबाजूच्या वाहिन्या सहसा हात जगवतात, हे शरीराचे औदार्यच. आज हाताची धमनी न कापता तिच्यापासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत कृत्रिम नळी जोडतात. त्यामुळे नवजात बाळांना मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत तग धरता येतो.

कुत्र्यांवर हे तंत्र बसवणारे, त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या पाठीशी उभे राहून सूचना देणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस मात्र शस्त्रक्रियेच्या नावात नव्हते. आता अनेक डॉक्टर ‘ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग’ असेच म्हणतात.