साबुकंदावरचा आळ

एकादशीस आपण जो साबुदाणा खातो तो ज्या कंदापासून होतो, त्या कंदावर कित्येक वर्षे एका दारुण रोगाचा आळ होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. रोग स्वादुपिंडाचा. जठरामागे आडवी पसरलेली ही ग्रंथी पाचक रस नळीवाटे आतड्यात सोडते आणि इन्शुलिन रक्तात. पाश्चात्त्य वैद्यकात तिच्या जुनाट दाहाचे मुख्य कारण मद्य हेच मानले जाई. परंतु 1959 साली झुइडेमा या डच डॉक्टरांनी इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांच्या स्वादुपिंडात खडे आढळल्याचे लिहिले, आणि त्यानंतर केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण तपासले. त्यांत मद्याचा थेंबही न घेतलेली मुले होती. बालपणी पोटात जीवघेण्या कळा, वयात येता येता मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू, असा या रोगाचा क्रम. गीवर्गीस यांचा यावरील ग्रंथ 1968 साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला.

संशय साबुकंदावर जाणे स्वाभाविक होते. 1880 ते 1885 या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेले विशाखम् तिरुनाळ यांनी या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले. 1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि गरिबांच्या ताटात हाच कंद उरला. कच्च्या कंदात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. ते निरुपद्रवी करण्यास शरीराला प्रथिनांतील गंधक लागते, आणि प्रथिने तर गरिबाच्या अन्नात नसतातच. मॅकमिलन व गीवर्गीस यांनी 1979 साली मांडलेला हा सिद्धान्त मोठा आकर्षक होता. तो टिकला मात्र नाही. साबुकंद न खाणाऱ्या प्रांतांतही रोग आढळला. उंदरांना दीर्घकाळ हा कंद चारूनही तो उद्भवला नाही. पुढे स्वादुपिंडातील पाचक द्रव्यास अवेळी आवर घालणाऱ्या ‘स्पिंक-1’ या जनुकातील दोष अनेक रुग्णांत सापडला. कुपोषण हे कारण की रोगाचा परिणाम, हाही प्रश्नच होता. ज्याचे अन्न पचतच नाही तो कृश होणारच! जागतिक आरोग्य संघटनेने 1985 साली मधुमेहाच्या वर्गवारीत घातलेला ‘कुपोषणजन्य’ हा प्रकार 1999 साली काढून टाकला. गरिबीला रोगाचे नाव देण्याची घाई वैद्यकानेही करावी, हे मला खटकते.

कारणाचा वाद चालू असता शल्यवैद्यांनी वेदनेचा विचार केला. खड्यांनी तुंबलेली नळी फुगते. 1958 साली पुस्टाव व गिलेस्बी यांनी ती लांबवर चिरून आतड्याच्या वेटोळ्याशी जोडण्याची पद्धत सांगितली. परंतु तीत प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट काढावे लागे. 1960 साली पार्टिंग्टन व रोशेल यांनी ही कापाकापी वगळली. नळी समोरून उभी उघडावयाची, खडे वेचावयाचे, आणि त्या चिरेवर आतड्याचे तोंड शिवावयाचे, म्हणजे रसाला वाट मिळते. बहुतेकांच्या कळा यामुळे शमतात. पुढे हैदराबादेसारख्या ठिकाणी बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने खडे फोडून ते दुर्बिणीवाटे काढण्याचा उपायही मोठ्या प्रमाणावर रूढ झाला.

मधुमेह यांपैकी कशानेही परतत नाही. इन्शुलिन बहुतेकांना घ्यावे लागते, जेवणाबरोबर पाचक द्रव्यांच्या गोळ्याही. तरीही यांपैकी बरेच रुग्ण आता चाळिशी-पन्नाशी गाठतात, आणि त्या वयात या स्वादुपिंडास कर्करोगाचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असल्याचे दिसून आले आहे. म्हणून शमलेली कळ पुन्हा उठली, किंवा वजन उतरू लागले, की डॉक्टर प्रथम त्याच शंकेने तपासणी करतात.