एकसष्टचं कोडं

परवा रविवारी भाचा आला होता. दहावीत आहे, गणित ऑलिंपियाडची तयारी चालू आहे. "मामा, एक गणित घालू? ६१ला एका वर्गसंख्येने गुणायचं, १ मिळवायचा, उत्तर पुन्हा वर्गसंख्या आली पाहिजे. शून्य आणि अपूर्णांक चालणार नाहीत."

म्हटलं, दोन मिनिटं थांब. चार ओळींचा लूप लिहिला, १ पासून एकेक संख्या तपासत जाणारा. ५९३४ वर ३२ बिट संपले आणि गुणाकार चक्क उणे यायला लागले! डेटाटाइप बदलल्यावर उत्तर मिळालं: २२,६१,५३,९८० चा वर्ग. गंमत म्हणजे ६०साठी नुसता ४ पुरतो, ६२साठी ८. मधल्या ६१नेच काय घोडं मारलंय कोण जाणे.

हेच ६१ फर्माने १६५७ साली फ्रेनिक्लला घातलं होतं, सोबत १०९. आकडे लहान घेतलेत, फार त्रास नको म्हणून, असंही वर लिहिलं... खवचटपणा! त्याच सुमारास त्याने इंग्लंडच्या गणितज्ञांनाही आव्हान दिलं. तिकडे निरोप पोचताना 'पूर्णांकच हवेत' ही अट गळाली, त्यांनी अपूर्णांकात उत्तरं पाठवली, मग पुन्हा पत्रापत्री. शेवटी ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून श्रेय पेल नावाच्या तिसऱ्याच माणसाला दिलं, आणि आजही हे 'पेलचं समीकरण'च आहे.

आता आपल्याकडे या. ११५०च्या सुमाराच्या बीजगणितात भास्कराचार्यांनी हेच ६१ सोडवून दाखवलंय. रीत बघा. ६१ गुणिले १ म्हणजे ६१, जवळचा वर्ग ६४, म्हणजे ३ जास्त. आता अशी संख्या घ्या की ती ८ मध्ये मिळवल्यावर ३ने भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१च्या जवळ असेल. ती ७. आठ अधिक सात पंधरा, भागिले तीन पाच. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, आणि ३९चा वर्ग १५२१. फक्त ४ कमी! आणि फरक ४ आला की थेट १ वर कसं जायचं हे ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच सांगून ठेवलं होतं. संपलं. माझ्या लूपला बावीस कोटी फेऱ्या, यांना एक कागद.

या रीतीला चक्रवाल म्हणतात. इथे 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' छाप मेल पाठवणाऱ्यांना थोडं थांबवावंसं वाटतं. एक तर ती भास्कराचार्यांची एकट्याची नव्हे. १९५४ साली कृपाशंकर शुक्ल यांनी दाखवलं की १०७३ सालच्या एका टीकेत जयदेवाची हीच रीत उद्धृत आहे. दुसरं, रीत दर वेळी उत्तरापर्यंत पोचतेच याची सिद्धता त्या ग्रंथांत नाही. उत्तर नेहमी असतंच हे लाग्रांजने १७६०च्या दशकात सिद्ध केलं. चक्रवालाचा नीट उलगडा तर १९२९-३० साली म्हैसूरच्या कृष्णस्वामी अय्यंगारांनी केला. (कवी ए. के. रामानुजन यांचे वडील!)

पण मला भावतं ते वेगळंच. फर्माने कोडं घातलं आणि स्वतःची रीत झाकून ठेवली. भास्कराचार्यांनी ती पाठ्यपुस्तकात घातली, शिकणाऱ्याने करून बघावी म्हणून. चाळीसगावजवळ पाटणला १२०७चा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला निकुंभ घराण्याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. शेवटच्या ओळी तर चक्क मराठीत. गणित शिकवण्यासाठी दान, आठशे वर्षांपूर्वी, खानदेशात!

असो. भाच्याने आता १०९ घेतलंय. मीही लूप लावून बघितला, पण यात वर्ग ६४ बिटमध्येही मावत नाही. तो मात्र कागद घेऊन बाल्कनीत बसलाय.